रद्दीच्या पुठ्ठ्याची, थरांची खुर्ची: खोकं निवडण्यापासून बसेपर्यंत

वापरलेल्या खोक्याचा चार बोटं रुंद आणि तेवढाच उंच एक तुकडा कापा. आतल्या नळ्या उभ्या राहतील असा तो टेबलावर धरा आणि वरून तळहाताने दाबा. मग तोच तुकडा फिरवून नळ्या आडव्या करा आणि पुन्हा दाबा. पहिल्या वेळी पुठ्ठ्याची कड तळहाताला रुतते, तुकडा सहजी वाकत नाही. दुसऱ्या वेळी तो लगेच दुमडतो. या लेखातलं सगळं काम या एका फरकावर उभं आहे. नळ्या उभ्या ठेवायच्या, चेंगरू द्यायच्या नाहीत आणि कोरड्या ठेवायच्या. एवढं जमलं तर खोक्यांपासून रोज वापरता येईल अशी खुर्ची होते.

हा प्रयोग नवा नाही. पन्हळी कागदाचं, म्हणजे खोक्यातल्या या नळीदार कागदाचं, पहिलं पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये घेतलं गेलं, तेही उंच टोप्यांच्या अस्तरासाठी. वस्तू गुंडाळायला हा कागद वापरण्याचं पेटंट १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या आल्बर्ट जोन्सने घेतलं. पुठ्ठ्याचं फर्निचर गाजलं ते वास्तुविशारद फ्रँक गेरी यांच्यामुळे. १९६९ ते १९७३ या काळात त्यांनी पुठ्ठ्याचे थर एकमेकांना चिकटवून खुर्च्या, स्टुलं आणि टेबलं केली. त्यातली १९७२ ची नागमोडी ‘विगल’ खुर्ची स्वित्झर्लंडची व्हिट्रा कंपनी आजही बनवते. त्यांची युक्ती साधी होती. लागोपाठच्या थरांत नळ्यांची दिशा बदलायची, आणि दोन्ही बाजूंच्या सपाट तोंडांवर हार्डबोर्ड (लाकडाच्या लगद्याची दाबलेली पातळ फळी) लावायचा. आपणही हेच करणार आहोत. फक्त नागमोडी आकार पहिल्या कामाला घेऊ नका. त्यात सगळं वजन वळणावर येतं आणि चिकटवण्यात राहिलेली चूक तिथे लगेच उघडी पडते. इथे दिलेला आकार दोन पायांच्या भरीव कमानीचा आहे. तो दिसायला साधा, पण जुन्या पुठ्ठ्याच्या कमीजास्त ताकदीला सांभाळून घेणारा आहे.

वजन पेलेल का?

हा प्रश्न सगळे विचारतात, म्हणून आधी हिशेब करू. नव्या ५ प्लाय, म्हणजे पाच कागदांच्या, पुठ्ठ्याची उभी कड दर सेंटिमीटरला साधारण ६ ते ७ किलो पेलते. आपला पुठ्ठा वापरलेला, म्हणून ३ किलोच धरू. आपल्या खुर्चीचे दोन्ही पाय मिळून जमिनीवर २६ सेंटिमीटर टेकतात आणि थर असतात सुमारे ६०. म्हणजे एकूण कड १,५६० सेंटिमीटर झाली. त्यातल्या निम्म्याच थरांत नळ्या उभ्या आहेत असं धरलं तरी ७८० सेंटिमीटर उरते. गुणिले ३, म्हणजे २,३४० किलो. दोन टनांहून जास्त.

तेव्हा माणूस बसल्यावर खुर्ची खाली दबेल ही भीती मनातून काढून टाका. पुठ्ठ्याची खुर्ची बिघडते ती इतर ठिकाणी: बैठक आणि पाठ मिळतात त्या कोपऱ्यात, डिंक न पोचलेल्या थरांत, आणि सगळ्यात जास्त, पाणी शिरलेल्या तळाशी. कागद हवेतली ओल ओढून घेतो. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की खोक्याची दाब सोसण्याची ताकद निम्म्यावर येते. कोकण, गोवा, मुंबईच्या पावसाळ्यात हवा अशीच असते. वरच्या हिशेबात एवढी जागा सोडली आहे ती यासाठीच. पण प्रत्यक्ष पाणी लागलं तर कुठलाच हिशेब चालत नाही.

खोकी कुठून आणि कोणती

सगळ्यात चांगला माल म्हणजे फ्रीज, वॉशिंग मशीन आणि मोठ्या टीव्हीची खोकी. ती बहुधा ५ प्लायची असतात: तीन सपाट कागद आणि मधे नळ्यांचे दोन थर, मिळून जाडी ६ ते ७ मिलिमीटर. सायकलच्या दुकानातली लांबट खोकीही उपयोगी, कारण मोठा सलग तुकडा निघतो. घरपोच येणाऱ्या पार्सलांची खोकी ३ प्लायची, ३ ते ४ मिलिमीटर जाडीची. तीही चालतात, पण थर जवळजवळ दुप्पट लागतात आणि कापणं-चिकटवणंही तेवढंच वाढतं.

दसरा-दिवाळीत घरोघरी मोठ्या वस्तू येतात. त्या दिवसांत जवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराशी बोलून ठेवलं तर आठवड्याभरात माल जमतो. एरवी भंगारवाल्याकडे किलोवर मिळतो, फक्त गठ्ठा बांधण्याआधी जाऊन स्वतः निवडावा लागतो. दिवाळीत जमवून थंडीत खुर्ची करायला घ्यावी. कोरड्या हवेत डिंक नीट सुकतो आणि खुर्ची पावसाळ्याला सामोरी जाण्याआधी पक्की होते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत हे काम सुरूच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

निवडताना प्रत्येक पत्रा, म्हणजे पुठ्ठ्याचा सपाट तुकडा, अंगठ्याने दाबून बघा. टणक लागला पाहिजे. मऊ पडलेला, लाटांसारखा फुगलेला किंवा पाण्याचा डाग पडलेला पत्रा नको. भाजीपाला, फळं, तेल यांची खोकी सोडून द्या. तेलकट जागी डिंक धरत नाही आणि वासाला मुंग्या, झुरळं येतात. चकचकीत छपाईच्या खोक्यांवर कधीकधी प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. ओळखायला पाण्याचा एक थेंब टाका. मिनिटभरात तो कागदात मुरला तर डिंकही मुरेल. नुसता घरंगळला तर तो पत्रा बाजूला ठेवा.

आता किडींबद्दल. खोक्याचे कागद स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात, आणि कसर, झुरळं, वाळवी यांना स्टार्च आणि कागद दोन्ही प्रिय. खोक्याच्या पाखांच्या घडीत झुरळांची तपकिरी अंडी चिकटलेली असतात, ती बघून काढा. मग सगळे पत्रे सुटे करून दोन दिवस कडक उन्हात उभे करून ठेवा. ओलही जाते आणि किडेही. खोक्याच्या जोडावरच्या लोखंडी पिना पक्कडीने उपटा, नाहीतर कटरचं पातं त्यांवर आपटून तुटतं. ब्राऊन टेपखालचा पत्रा सरळ कापून टाकलेला बरा, कारण टेप काढताना वरचा कागद सोलून येतो.

लागेल किती? खाली दिलेल्या मापांच्या खुर्चीला ५ प्लायचा निव्वळ १२ चौरस मीटर पुठ्ठा जातो. घड्या, डाग आणि कातरण धरून १८ ते २० चौरस मीटर जमवा. मोठ्या फ्रीजच्या एका खोक्याच्या चार बाजू मिळून साधारण पावणेपाच चौरस मीटर भरतात. तयार खुर्ची १० ते ११ किलोची होते, म्हणजे एका हाताने उचलता येते.

हत्यारं आणि डिंक

१८ मिलिमीटर पात्याचा कटर आणि पात्यांची दोन पाकिटं. लोखंडी फूटपट्टी, शक्यतो मीटरभर लांब. काटकोन तपासायला गुण्या. साच्यासाठी ४ मिलिमीटरचं प्लायवुड. दोन्ही बाजूंना लावायला ३ मिलिमीटर हार्डबोर्ड. वजनाला पाण्याचे २० लिटरचे भरलेले जार. पॉलिश पेपर ६०, ८० आणि १२० नंबरचा. थर सरळ राहावेत म्हणून इलेक्ट्रिशियन वापरतात तो २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप.

डिंकाला सुताराचा पांढरा फेविकॉल घ्या, दीड किलो. किनारपट्टीवर राहत असाल तर पाण्याला टिकणारा मरीन प्रकार घ्या, थोडे पैसे जास्त जातात पण ते वसूल होतात. घरी शिजवलेली मैद्याची खळ स्वस्त आहे आणि चिकटतेही छान, पण एवढ्या जाड ठोकळ्याच्या पोटात ती आठवडाभर ओली राहते, बुरशी धरते आणि किडींना मेजवानी होते. पूर्वी पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालत, ते याच कारणाने. पण मोरचूद विषारी असतं, बसायच्या वस्तूत ते नको. ग्लू गनही नको. तिचे गोळे थरांत फट ठेवतात आणि उन्हाळ्यात मऊ पडतात.

साचा

साचा म्हणजे खुर्चीची बाजूने दिसणारी आकृती. प्लायवुडवर सेंटिमीटरमध्ये बिंदू मांडा. पहिला आकडा समोरून मागे जाणारं अंतर, दुसरा जमिनीपासूनची उंची.

समोरचा पाय जमिनीवर (४, ०) पासून सुरू होतो. तिथून बैठकीची पुढची कड (०, ४३). म्हणजे पाय खाली चार सेंटिमीटर आत आहे आणि उठताना टाच मागे घ्यायला जागा मिळते. बैठक मागे उतरत (४०, ४०) पर्यंत जाते. तिथून पाठ वर चढते, (४९, ७८) पर्यंत. हा कल टेकून बसायला पुरेसा आहे. पाठीची वरची जाडी ५ सेंटिमीटर, म्हणजे पुढचा बिंदू (५४, ७८), आणि तिथून मागची रेषा सरळ खाली (५६, ०) ला येते. तळाशी १६ पासून ४२ पर्यंत कमान काढा: ११ सेंटिमीटर उभ्या रेषा आणि वर १३ सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ. पुढचा पाय १२ सेंटिमीटर उरतो, मागचा १४.

दोन ठिकाणी साचा हलक्या हाताने गोल करा. बैठकीची पुढची कड ३ सेंटिमीटर त्रिज्येने, म्हणजे मांडीखाली रुतणार नाही. आणि बैठक-पाठीचा आतला कोपरा ४ सेंटिमीटर त्रिज्येने. हा दुसरा गोलवा दिसण्यासाठी नाही. माणूस मागे रेलला की पाठ या कोपऱ्यातून उघडायला बघते. कोपरा टोकदार असेल तर सगळा ताण त्या एका टोकावर येतो आणि कागद तिथूनच फाटायला लागतो. गोल कोपऱ्यात ताण पसरतो.

घरातल्या माणसांची उंची कमी असेल तर बैठक दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या. गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी करत असाल तर उलट ४५ पर्यंत न्या, उठणं सोपं होतं. साचा कापल्यावर तो भिंतीशी उभा करून कुणालातरी शेजारी एखाद्या स्टुलावर बसवा आणि मांडी, पाठ कुठे येते ते डोळ्यांनी बघा. पुढे साठ थर याच साच्यावर कापले जाणार आहेत.

साच्यात तीन भोकं पाडा: (१२, ३४), (४९, १५) आणि (५०, ६२) या बिंदूंवर. पाइप यांतून जाईल. पुठ्ठ्यात ही भोकं पाडायला अर्धा इंची जीआय पाइपचा वीतभर तुकडा घ्या आणि एका टोकाला आतल्या बाजूने गोल कानशीने घासून धार लावा. खाली लाकूड ठेवून हातोडीचा एक ठोका दिला की २१ मिलिमीटरचं स्वच्छ भोक पडतं. २० चा पाइप त्यात अलगद जातो.

कापणं

५ प्लाय एका दमात कापायचा नसतो. पहिल्या फेरीत वरचा कागद, दुसऱ्या फेरीत नळ्या, तिसऱ्या फेरीत खालचा कागद. पातं सरळ उभं धरा, नाहीतर वरची आणि खालची कड वेगळी येते आणि पुढे घासण्यात वेळ जातो. पातं बोथट झालं की ते कापत नाही, नळ्या चेंगरत पुढे जातं. कड फाटल्यासारखी दिसायला लागली की लगेच पात्याचं टोक तोडा, कंजुषी करू नका. पट्टी धरलेला हात पात्याच्या वाटेवर कधीच येऊ देऊ नका. कापत असताना लहान मुलं आसपास नकोत, आणि तोडलेली टोकं एका डब्यात साठवा. जिगसॉ (विजेवर चालणारी बारीक करवत) असेल तर कमानीसाठी ती वापरा, काम निम्म्या वेळात होतं.

सगळेच थर सलग कापायचे म्हटले तर माल पुरणार नाही, कारण या आकारात कातरण खूप जातं. दोन्ही बाजूंचे चार-चार थर मात्र सलग हवेत. मधले थर दोन-तीन तुकड्यांचे चालतात, पण गवंडी विटांची सांधमोड करतो तशी ती इथेही करायची: एका थरातला सांधा शेजारच्या थरातल्या सांध्यापासून किमान ५ सेंटिमीटर सरकलेला असला पाहिजे. पायातला तुकडा जमिनीपासून कमानीच्या वरपर्यंत अखंड ठेवा. बैठक-पाठीच्या कोपऱ्याभोवती १५ सेंटिमीटरच्या आत सांधा येऊ देऊ नका. या पद्धतीमुळे पार्सलांची छोटी खोकीही कामाला येतात, फक्त एका थरातले सगळे तुकडे एकाच जाडीचे घ्या. खोक्याची मूळ घडी जिथे आहे तिथे नळ्या आधीच चेपलेल्या असतात. ती घडी पायात न येता बैठकीच्या भरीव भागात जाईल असा साचा मांडा.

नळ्यांची दिशा

प्रत्येक तुकडा कापताना त्यावर पेन्सिलीने नळ्यांच्या दिशेचा बाण काढा. चार थरांची एक जुडी समजा: उभी, आडवी, उभी, तिरकी. तिरकी म्हणजे ४५ अंशांत, बैठक-पाठीच्या कोपऱ्यातून कमानीकडे जाणारी. अशा पंधरा जुड्या झाल्या की ६० थर झाले.

उभ्या नळ्या वजन घेतात हे समजण्यासारखं आहे. मग आडव्या कशाला? कारण कागदातले तंतू यंत्रावर कागद धावतो त्या दिशेला जास्त असतात, आणि पन्हळी पुठ्ठा बनवताना नळ्या या दिशेला आडव्या पडतात. म्हणजे पुठ्ठा दाब सोसतो नळ्यांच्या दिशेने, पण ताण सोसतो त्याच्या काटकोनात. पाठ मागे रेलली की तिच्या पुढच्या बाजूला ताण येतो आणि मागच्या बाजूला दाब. ताण आडव्या नळ्यांचे थर धरतात, दाब उभ्या नळ्यांचे. गेरींनी दिशा बदलत नेली त्याचा हा फायदा आहे, आणि म्हणून सगळेच थर उभे लावणं ही मजबुती नव्हे.

चिकटवणं

एकेक थर चिकटवत साठपर्यंत जाऊ नका. दहा-दहा थरांचे सहा गठ्ठे करा, मग गठ्ठे एकमेकांना जोडा.

आधी डिंक न लावता दहा थर क्रमाने रचून बघा. सांधे सरकलेले आहेत ना, बाण बरोबर आहेत ना, कडा जुळतात ना. नंबर घाला. मग खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरा, त्यावर सपाट फळी, आणि फळीवर पहिला थर.

फेविकॉलमध्ये पाणी घालू नका. पुठ्ठ्याचा शत्रू पाणीच आहे आणि पातळ डिंक वरच्या कागदातून नळ्यांत उतरून त्या मऊ करतो. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेला कात्रीने दात पाडा आणि त्याने डिंक ओढा, म्हणजे सारख्या अंतराच्या बारीक रेघा उमटतात. एकाच बाजूला लावा. कडेपासून एक सेंटिमीटर आतपर्यंत न्या, म्हणजे दाबल्यावर बाहेर येणार नाही. कोपरा, पायांचे तळ आणि पाठीचा वरचा भाग, एवढ्या ठिकाणी मात्र रेघा दाट काढा. तुकड्यांच्या सांध्यांच्या दोन्ही बाजूंना हात आखडता घेऊ नका. दहा मिनिटांत पुढचा थर बसला पाहिजे. पाइपचे तीन तुकडे भोकांत उभे ठेवूनच रचा, थर आपोआप जुळत जातात.

दहा थर झाले की वर फळी आणि त्यावर भरलेले दोन जार. क्लॅम्प असतील तर फळीशिवाय लावू नका आणि ताकदीने आवळू नका. सपाट दाबाने नळ्या चेपतात आणि चेपलेली नळी पुन्हा उभी राहत नाही. जारचं वजन सारखं पसरतं, म्हणून मला तेच पसंत आहे. दोन तासांनी जार काढता येतात, पण गठ्ठा पूर्ण सुकायला किमान एक दिवस पंख्याखाली उभा ठेवा. आडवा ठेवला तर खालची बाजू ओली राहून गठ्ठा वाकतो. सुकला की कडेवर बोटाने टकटक करा. सगळीकडे सारखा भरीव आवाज आला पाहिजे. कुठे पोकळ वाजला तर तिथे थर सुटलेला आहे. इंजेक्शनच्या सिरिंजने डिंक आत सोडा आणि पुन्हा वजन ठेवा.

सहा गठ्ठे जोडताना पाइपचे ४० सेंटिमीटरचे तुकडे घाला आणि ते आतच राहू द्या. जोडण्याआधी एकूण रुंदी मोजा. पुठ्ठ्याची जाडी खोक्यागणिक बदलते, त्यामुळे साठ थरांत ३८ भरेल किंवा ४२. दोन-चार थर कमीजास्त करून ४० च्या आसपास आणा. शेवटी दोन्ही तोंडांवर हार्डबोर्ड चिकटवा. त्याने पाइपची भोकं झाकतात आणि बाजूच्या कडांना धक्के लागत नाहीत.

घासणं आणि बंद करणं

कितीही काळजीपूर्वक कापलं तरी साठ कडा एका रेषेत येत नाहीत. मोठे उंचवटे दातेरी पावाच्या सुरीने कापून टाका. पुठ्ठा तिने फार सुंदर कापला जातो. मग लाकडी ठोकळ्याला ६० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून घासा, पुढे ८०, शेवटी १२०. थरांच्या लांबीच्या दिशेने हात चालवा. धूळ खूप आणि बारीक असते, मास्क लावा आणि गॅलरीत किंवा गच्चीवर बसा.

घासल्यावर कडा लोकरीच्या कापडासारख्या दिसतात. कुठे नळ्यांची गोल तोंडं, कुठे नागमोडी रेघा. खुर्चीचं सौंदर्य यातच आहे, म्हणून मागची बाजू, पाठीचं वरचं टोक आणि कमान मी उघडीच ठेवा म्हणेन. पण बैठक उघडी ठेवून चालणार नाही. निम्म्या थरांतल्या नळ्या उभ्या आहेत आणि त्यांची तोंडं वर आहेत. चहा सांडला तर तो त्या नळ्यांतून सरळ आत उतरेल, आणि आत गेलेलं पुसता येत नाही.

बैठकीवर आणि पाठीच्या पुढच्या बाजूवर ३ प्लायचे दोन सलग पट्टे चिकटवा, नळ्या रुंदीच्या दिशेने ठेवून. असा पट्टा कोपऱ्यातल्या गोलव्यावर न मोडता वळतो. पट्टा लावण्याआधी उघड्या नळ्यांत थोडी बोरिक पावडर भुरभुरवा. पूर्वी कॅरम बोर्डवर टाकायची तीच. झुरळं आणि कसर लांब राहते. हातांना मोजे घाला, आणि तान्ही मुलं असलेल्या घरात ती बाहेर सांडू देऊ नका. पट्ट्यावर जाड सुती कापड, खादी किंवा जुनी सतरंजी ताणून फेविकॉलने चिकटवली की बैठक तयार.

उघड्या कडांना स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख द्या, पॉलिशवाले लाकडाला देतात ती. तिच्यात पाणी नसतं, म्हणून नळ्या मऊ पडत नाहीत. ब्रशने दोन हात, मधे चार-पाच तास. काम उघड्या हवेत करा, जवळ आग नको. ती मिळाली नाही तर फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून अगदी कोरड्या ब्रशने पातळ हात मारा आणि लगेच पंखा लावा. डिंकात पाणी घालायची मुभा फक्त इथे.

तळ

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. आपल्याकडे रोज लादी पुसली जाते, आणि पायांतल्या उभ्या नळ्यांची तोंडं खाली लादीकडे असतात. ओल्या फडक्याचं पाणी त्या शोषून घेतात. महिन्याभरात तळ फुगतो, मग खुर्ची डगडगायला लागते.

पायांचे तळ आधी सपाट करा. लादीवर ६० नंबरचा पॉलिश पेपर पालथा, म्हणजे खरखरीत बाजू वर करून ठेवा आणि खुर्ची त्यावर पुढे-मागे सरकवा, चारही कोपरे टेकेपर्यंत. मग तळांना लाखेचे तीन-चार हात द्या. त्यावर ६ मिलिमीटर प्लायवुडच्या दोन पट्ट्या, पायांच्या मापाच्या, चिकटवा. आणि प्लायखाली जुन्या रबरी चपलेच्या तळव्याचे चौकोन लावा, प्रत्येक कोपऱ्यात एक. खुर्ची जमिनीपासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उचलली जाते आणि फडकं खालून फिरलं तरी पुठ्ठ्याला लागत नाही. कामाला येणाऱ्या मावशींना एकदा सांगून ठेवा की ही उचलून बाजूला ठेवायची, तिच्याभोवती पाणी टाकायचं नाही.

बसण्याआधी

दोन दिवस पूर्ण सुकू द्या. बैठकीची उंची चारही कोपऱ्यांत मोजून लिहून ठेवा. मग पाण्याचे तीन भरलेले जार बैठकीवर रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा मोजा. दोन-तीन मिलिमीटरने उतरली असेल तर थर बसले, काळजी नाही. एका बाजूला सेंटिमीटरभर खचली असेल तर त्या पायात घडीचा किंवा मऊ पुठ्ठा गेलेला आहे. त्या पायाच्या आतल्या बाजूला, कमानीत, उभ्या नळ्यांचे पाच-सहा थर चिकटवून आधार द्या.

पाठीची परीक्षा वेगळी. खुर्ची भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवून बसा आणि हळूहळू रेला. चिर्र असा कागद सुटल्याचा आवाज आला तर थांबा, कोपऱ्यात सिरिंजने डिंक सोडा आणि एक दिवस द्या. आवाज नाही आला तर पूर्ण टेका. मागचे पाय टेकवून पुढचे उचलण्याची सवय कुणाला असेल तर त्या व्यक्तीसाठी ही खुर्ची नाही. तेव्हा सगळं वजन पायाच्या मागच्या धारेवर येतं आणि ती चेपते. उभं राहून माळ्यावरचं सामान काढायलाही हिचा वापर नको.

देवघर, अगरबत्ती, गॅस यांपासून ती लांब ठेवा, शेवटी तो कागद आहे. पावसाळ्यात खिडकीशी किंवा ओल येणाऱ्या भिंतीशी नको. जुलै-ऑगस्टमध्ये बैठक थोडी मऊ लागली तर दोन-तीन रात्री पंख्याखाली वापराविना ठेवा, ऊन पडेल त्या दिवशी तासभर बाहेर काढा. पावसाळा संपला की तळाची रबरं आणि प्लाय तपासा. प्लायच्या कडेला काळसर रेघ दिसली तर पट्टी सोडवून तळ वाळवा, लाखेचा हात द्या आणि नवी पट्टी लावा. कापड मळलं तर त्यावरच दुसरं चिकटवता येतं. आणि कधी पाठ मोडलीच, तर बैठकीपासून ती करवतीने उतरवा, वरून नवा पट्टा लावा, म्हणजे स्टूल तयार. मोठी माणसं जमिनीवर मांडी घालून बसू शकत नाहीत अशा घरात ते स्टूलही चांगलं चालतं.